नाव लिहू नये

कागद मंगळवारी आले, चहाच्या सुट्टीच्या दहा मिनिटं आधी. अर्ध्या पानाचा कागद. वर छापलेलं, ‘कंपनीत तुम्हाला काय आवडतं?’ मधे चार बोटं जागा, मग ‘काय आवडत नाही?’ आणि सगळ्यात खाली जाड अक्षरांत, ‘नाव लिहू नये.’

त्या शेवटच्या ओळीनेच घोळ केला. ती नसती तर लोकांनी दोन शब्द खरडून कागद पेटीत टाकले असते आणि चहाला पळाले असते. पण शिलाईची मशीनं दुरुस्त करणारा मिस्त्री कागद उजेडाकडे धरून म्हणाला, “नाव लिहू नका म्हणून जे एवढं बजावतात ना, त्यांनी नाव शोधायची सोय आधीच केलेली असते.”

झालं. सगळ्यांच्या मनात पाल चुकचुकली. कुणी कोपरे तपासले, कुणी कागदाचा वास घेतला. पॅकिंगमधून एकजण धावत आला, त्याच्या हातातला कागद पिवळसर होता. शिलाईचे पांढरे. कटिंगवाल्यांच्या कागदांना मागून निळ्या रेघा. आता बोला! विभागवार रंग लावलेत म्हटल्यावर माणसापर्यंत पोहोचायला कितीसा वेळ?

सॅम्पलबाई खिडकीजवळच्या आपल्या मशीनवर बसून हे सगळं बघत होती. बॅगा बनवणाऱ्या त्या कंपनीत नव्या बॅगेचा पहिला नमुना तीच शिवायची, म्हणून तिला सगळे सॅम्पलबाई म्हणत. डिझाइनवाले चित्र द्यायचे, ती त्यातून बॅग उभी करायची. मग त्या बॅगेत वाळूच्या पिशव्या भरून ती आकड्याला टांगायची आणि पट्टा कुठे उसवतो ते बघायची. पूर्वी बॅग तीन दिवस टांगलेली असायची. आता एक तास. तासाभरात वरून माणूस यायचा, “झालं का? पुढे पाठवू का?”

सहा वर्षांपूर्वी टायरच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये ही कंपनी सुरू झाली तेव्हा माणसं होती सात. मालक स्वतः कापड कापायचे, सॅम्पलबाई शिवायची, मालकांची बायको बक्कलं लावायची. कुणाला ताप आला तर बाकीच्या सहांना तो कितीपर्यंत चढला तेही ठाऊक असायचं. आता तीन मजले, साडेतीनशे माणसं, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईचं नाव विचारावं तर पुढच्या आठवड्यात तिथे दुसरीच बाई.

पण वाईटच होतं असं नाही. सॅम्पलबाईनं पेन उघडलं आणि पहिल्या जागेत प्रामाणिकपणे लिहिलं, ‘माझ्या हाताखाली दोरे कापायला आलेल्या मुली आज लाइन सांभाळतात. दुसरीकडे त्या म्हाताऱ्या होईपर्यंत दोरेच कापत बसल्या असत्या. आणि इथे मला आजवर कुणी “तुम्हाला काय कळतं” असं म्हटलेलं नाही.’

मग खालच्या जागेपाशी ती थबकली. आजूबाजूला पाहिलं. मिस्त्री डाव्या हातानं लिहीत होता, जीभ बाहेर काढून, पहिलीतल्या पोरासारखा. लाइनवरच्या दोघीजणींनी दोन्ही जागांत ‘सर्व छान’ असं लिहून टाकलं होतं. एकीनं ‘चहा फार गोड’ असं लिहून पुन्हा खोडलं, कारण चहावाल्याला वाईट वाटलं असतं.

सॅम्पलबाईनं लिहिलं, ‘पट्ट्याला दुसरी शिवण मारायला वेळ नसतो, बॅग परत आल्यावर उसवायला मात्र असतो.’

कागदाची घडी करून ती पेटीकडे गेली. पेटीजवळ एचआरची पोरगी उभी होती. ही पोरगी म्हणजे सॅम्पलबाईच्या धाकट्या भावाची मुलगी, घरातली छकुली. आत्यानंच शब्द टाकून तिला दीड वर्षापूर्वी इथे चिकटवलं होतं. ऑफिसात छकुली म्हणायचं नाही, अशी तिनं पहिल्याच दिवशी हात जोडून विनंती केली होती, त्यामुळे सॅम्पलबाई तिला चारचौघांत ‘मॅडम’ म्हणायची आणि दोघी हसू दाबायच्या.

“घ्या मॅडम,” सॅम्पलबाई म्हणाली.

त्या दिवशी छकुली हसली नाही. “टाका पेटीत,” एवढंच म्हणाली.

शुक्रवारी दुपारी सगळ्यांना पॅकिंगच्या हॉलमध्ये बोलावलं. मालक एका उलट्या क्रेटवर उभे राहिले, शेजारी नवे साहेब. हे साहेब चार महिन्यांपूर्वी कुठल्याशा मोठ्या कंपनीतून आले होते आणि त्यांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागायचा. मालकांनी माइक घेतला. दोनशेवर लोकांनी लिहिलंय की इथे पुढे जायला वाव आहे. टाळ्या. पुष्कळांनी लिहिलंय की पगार वेळेवर होतो. पुन्हा टाळ्या. मग त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली.

“आणि काहींनी असंही लिहिलंय,” ते म्हणाले, “की पट्ट्याला दुसरी शिवण मारायला वेळ नसतो, बॅग परत आल्यावर उसवायला मात्र असतो.”

शब्दाला शब्द. सॅम्पलबाईचंच वाक्य. मालक गर्दीकडे बघत होते, पण तिला वाटलं तिच्याकडेच. तिच्या आसपासची सात-आठ डोकीही तिच्याकडे वळली आणि लगेच दुसरीकडे फिरली. टाळी कुणी वाजवली नाही.

“अशी वाक्यं कुठून येतात, ते आम्ही बघतोय,” नवे साहेब माइकशिवायच म्हणाले. त्यांचा आवाज तसाही पोहोचायचा.

सोमवारी सॅम्पलबाई आली तेव्हा खिडकीजवळ तिचं मशीन नव्हतं. जमिनीवर मशीनच्या पायांचे चार गोल डाग तेवढे होते. मशीन तिसऱ्या मजल्यावर, गोदामाच्या दाराशी नेऊन ठेवलेलं.

“तात्पुरतं आहे,” नवे साहेब म्हणाले. “आणि हे मास्तर. आजपासून तुमच्याबरोबर बसतील. तुम्हाला जे जे येतं ते यांना सांगा. मापं, शिवणी, कुठे काय दुमडायचं, सगळं या वहीत उतरवा.”

मास्तर चाळिशीचे, सभ्य, कानावर पेन्सिल. वही नवीकोरी, शंभर पानी.

दुपारी मिस्त्री मशीनला तेल घालायच्या निमित्तानं वर आला. मास्तर पाणी प्यायला गेल्याचं बघून कुजबुजला, “बाई, वही भरली की माणूस रिकामं करतात. जपून.”

“काय जपून? माझं नाव कुणी सांगितलं, तेवढं सांग.”

मिस्त्रीनं तेलाचा डबा बंद केला. “तुम्हाला मी काय सांगू? पेटी कुणाच्या हातात होती?”

ते वाक्य टाकून तो गेला आणि सॅम्पलबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

पेटी छकुलीच्या हातात होती. आणि आत्याचं अक्षर छकुली ओळखणार नाही तर कोण? तिला अक्षरं गिरवायला शिकवली कुणी? सॅम्पलबाईच्या ‘ळ’च्या पोटात एक गाठ असायची, ती छकुलीच्या ‘ळ’मध्येही उतरली होती. पण छकुली असं करेल? नाही. मग ती मंगळवारी हसली का नाही? आणि परवा जिन्यात समोर आली तेव्हा मोबाइल कानाला लावून वळली का? मोबाइलचा दिवा तर लागलेला नव्हता.

तिनं जेवणाच्या सुट्टीत फोन केला. उचलला नाही. मंगळवारी केला. नाही. बुधवारी कँटीनमध्ये छकुली खिडकीशी एकटी बसलेली दिसली. सॅम्पलबाई डबा घेऊन निघाली, तर छकुलीनं लॅपटॉप फटकन मिटला, अर्धं जेवण टाकलं आणि दुसऱ्या दारानं निघून गेली. साऱ्या कँटीननं ते पाहिलं.

त्यानंतर सॅम्पलबाईबरोबर चहाला बसणाऱ्या बायकाही गळाल्या. एकीचा उपास निघाला, दुसरीला चहानं पित्त व्हायला लागलं. लोकांचं काय चुकलं? दुसऱ्याच्या घराला आग लागली की आपल्या घरावर आधी पाणी ओततात. सॅम्पलबाईला कळत होतं. पण कळलं म्हणून दुखायचं थांबत नाही.

शनिवारी मास्तरांनी वहीतून मान वर केली आणि चाचरत विचारलं, “बाई, राग मानू नका. तुम्ही पुढे काय करणार? गावाकडे जाणार की इथेच?”

“पुढे म्हणजे?”

“मला सांगितलंय तुम्ही स्वतःहून सोडताय. या महिन्याअखेरी.”

सॅम्पलबाईनं कात्री टेबलावर ठेवली. मास्तरांनी वही मिटली. “म्हणजे… तुम्हाला माहीत नाही?”

“कुणी सांगितलं तुम्हाला?”

“साहेबांनी. नाहीतर मी आलो नसतो हो. दुसऱ्याच्या ताटावर बसायची सवय नाही मला.”

रविवारी सॅम्पलबाई भावाकडे जेवायला गेली. दर महिन्याला जायची, पण त्या दिवशी जेवायला गेली नव्हती. भाऊ नेहमीसारखा बडबडत होता, छकुली मान खाली घालून भात कालवत होती. तीन घास झाले आणि सॅम्पलबाईला राहवेना.

“भाऊ, तुझी लेक मोठी झाली बरं का. परक्यानं गळा कापला असता तर मी ओरडले तरी असते.”

“काय झालं ताई?”

“तिलाच विचार. माझं अक्षर साहेबाला दाखवून काय मिळालं, विचार तिला. बढती? खुर्ची? घरभेदी म्हणतात याला.”

भाऊ बघतच राहिला. छकुलीचा हात ताटात थांबला. ती उठली, हात धुतला, आत गेली. आता ही दार लावून रडत बसणार, असं सॅम्पलबाईला वाटलं. पण ती परत आली आणि तिनं आत्याच्या ताटाशेजारी एक कागद ठेवला. घडी घातलेला, पांढरा. आत सॅम्पलबाईचंच अक्षर.

“तुझा कागद वर गेलाच नाही,” छकुली म्हणाली. “पेटी उघडली तेव्हा मीच होते. बघितल्या बघितल्या तो मी खिशात घातला.”

“खोटं. मग मालकांनी वाचलं ते?”

“ते वाक्य अजून एकोणीस कागदांवर होतं, आत्या.”

सॅम्पलबाईला अर्थ लागेना.

“एकोणीस! पांढऱ्यांवर, पिवळ्यांवर. एकानं तर डाव्या हातानं लिहिलं होतं, वाचायला मला पाच मिनिटं लागली. तू सहा वर्षं येता जाता ते म्हणतेस. सगळ्यांना पाठ झालंय. दुसरं काय सुचलं नसेल, तुझंच लिहिलं.”

“आणि ते रंग? विभागवार कागद?”

“कसले रंग? कागद संपले होते! कपाटातली जुनी पॅडं फाडून मीच छापलं.” छकुलीचा आवाज फुटला. “साहेबांनी ते एकोणीस कागद आणि सगळ्यांच्या रजेच्या अर्जांची फाइल माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, अक्षरं जुळव. मी म्हटलं, मला नाही येत. म्हणाले, तुझी आत्या शिलाईत आहे ना, तिच्यापासून सुरुवात कर. मी म्हटलं, नाही करणार. मग त्यांनी बजावलं, चौकशी संपेपर्यंत आत्याशी बोलताना दिसलीस तर तू आणि ती, दोघी त्यात आहात असं धरीन. फोनसुद्धा नाही. म्हणून पळत होते मी. मंगळवारी पेटीपाशीही ते मागून बघत होते, म्हणून हसले नाही. तुला वाटलं…” ती थांबली. “काल मी राजीनामा दिला. बाबा, तुम्हाला सांगायचं होतं. आता सांगितलं.”

भाऊ “अगं” म्हणाला आणि पुढे काही सुचलं नाही म्हणून पुन्हा “अगं” म्हणाला.

सॅम्पलबाईनं कागद हातात घेतला. लाज दाटून आली. छकुलीला जवळ घ्यावं असं वाटत होतं आणि हातही उचलत नव्हता. जे तोंडून निघालं, ते भलतंच निघालं.

“पण माझा कागद तू का काढलास?”

“म्हणजे काय? तुला वाचवायला!”

“मी भिऊन लिहिला नव्हता गं. मला कुणीतरी वाचायला हवा होता. आणि वरचा भाग? मी चांगलंही लिहिलं होतं.”

“तू मला आत्ता घरभेदी म्हणालीस,” छकुली थंडपणे म्हणाली. “आणि तुझी तक्रार काय, तर कागद का काढला?”

“चुकले,” सॅम्पलबाई म्हणाली. “घरभेदी म्हटलं ते चुकलं. त्याला माफी नाही, मला माहीत आहे. पण कागदाचं तुझंही चुकलं.”

भावानं हळूच भाजीचं भांडं मधे सरकवलं. कुणी वाढून घेतलं नाही.

सोमवारी सकाळी सॅम्पलबाई मशीनकडे न जाता सरळ मालकांच्या केबिनवर गेली. बाहेरच्या मुलीनं वेळ घेतलीय का विचारलं. “सहा वर्षांपूर्वी घेतली होती,” सॅम्पलबाई म्हणाली आणि दार ढकललं.

मालक एकटे होते. टेबलावर ते एकोणीस कागद पसरलेले, प्रत्येकावर तेच वाक्य लाल पेनानं अधोरेखित. ते दचकले. मग म्हणाले, “बरं झालं आलात. बसा. तुम्ही जुन्या आहात, तुम्हीच सांगा. एकोणीस माणसांना एकच वाक्य कसं सुचतं? कुणीतरी लिहून दिल्याशिवाय?”

“कोण देईल लिहून?”

“माझे दोन डिझाइनवाले गेल्या महिन्यात पळवले पलीकडच्या कंपनीनं. नमुन्यांसकट. आता आतून माणसं फितवताहेत. साहेब म्हणतात, हे पद्धतशीर चाललंय.” त्यांनी डोळे चोळले. चार महिन्यांत माणूस उतरला होता. “पूर्वी सात माणसं होती, बाई, मला रात्री झोप लागायची. आता साडेतीनशेंतला कोण माझा, तेच कळत नाही.”

सॅम्पलबाईनं आपला कागद त्या एकोणिसांच्या मधोमध ठेवला.

“हा विसावा. मूळ हाच. लिहून कुणी दिलं नाही, मालक. मी बोलत असते, लोक ऐकत असतात. तुम्हीही ऐकलंय. हॉलमध्ये होतो तेव्हा हे ऐकून तुम्ही हसला होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून पट्ट्याला दोन शिवणी सुरू केल्या होत्या. खाली यायचं सोडलंत म्हणून ते आता चिठ्ठीवर वाचावं लागलं.”

मालकांनी कागद उचलला. आधी खालचं वाचलं, मग वरचं. वरचं वाचायला जास्त वेळ लागला.

“आणि मी या महिन्याअखेरी स्वतःहून जातेय,” सॅम्पलबाई म्हणाली, “हे मला माझ्या जागी आलेल्या मास्तरांकडून कळलं. तेवढं मला तुम्ही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.”

“कोण जातंय? कुणी सांगितलं?” मालक खुर्चीतून अर्धे उठले. “वही भरायला सांगितली ती आपण काढतोय त्या दुसऱ्या कारखान्यासाठी. तिथे तुमच्यासारखं कुणी नको का? आणि खिडकीजवळ कटिंगचं नवं मशीन येतंय, म्हणून तुमचं हलवलं.”

सॅम्पलबाई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हा माणूस खोटं बोलताना डावा कान चोळतो, हे तिला हॉलच्या दिवसांपासून ठाऊक होतं. आत्ता त्यांचे दोन्ही हात कागदांवर होते. पण सहा वर्षांत माणूस खोटं बोलायच्या नव्या तऱ्हाही शिकतो. तिला ठरवता आलं नाही.

“माझ्या भाचीनं राजीनामा दिलाय,” ती म्हणाली. “अक्षरं जुळवायला नको म्हणून.”

मालकांनी वीसही कागद गोळा करून पालथे ठेवले. मग म्हणाले, “तिला परत बोलवा. मी बोलतो साहेबांशी.”

छकुलीनं परत यायला नकार दिला. “आज अक्षरं, उद्या आणखी काही,” एवढंच म्हणाली. नवे साहेब कुठे गेले नाहीत, आपल्या तक्त्यांसह तिथेच राहिले. फक्त सॅम्पलबाईशी बोलताना फार गोड बोलायला लागले आणि त्यामुळे ती आणखी सावध झाली. महिनाअखेर आली आणि गेली, तिला कुणी काढलं नाही. खिडकीजवळ कटिंगचं मशीन खरंच आलं, पण दीड महिन्यानं. तोवर ती जागा रिकामीच होती, त्यामुळे मालक खरं बोलले की नंतर खरं करून दाखवलं, हा प्रश्न राहिलाच. मोठ्या बॅगांच्या पट्ट्यांना दुसरी शिवण सुरू झाली. छोट्यांना नाही. नमुना आता एक दिवस टांगलेला असतो. तीन दिवस मागितले होते.

मास्तर दुसऱ्या कारखान्यात गेले. जाताना वही तिच्यापुढे ठेवून म्हणाले, “तुमच्याकडेच राहू दे. मी माझ्यापुरतं उतरवून घेतलंय.” ते सरळपणानं म्हणाले की आणखी कशासाठी, यावर मिस्त्री आणि ती पुढे आठवडाभर बोलत होते. मिस्त्री पुन्हा चहाला येऊन बसायला लागला होता. डाव्या हातानं लिहिण्याबद्दल तिनं त्याला काही विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. मात्र चहा घेताना ती कधीकधी सगळ्यांच्या तोंडांकडे पाळीपाळीनं बघत बसायची. “काय बघताय बाई?” कुणी विचारलं की म्हणायची, “काही नाही, मोजतेय.”

छकुली दोन महिने आत्याकडे फिरकली नाही. फोन उचलायची, ‘हो’, ‘नाही’, ‘बरी आहे’ म्हणायची. सॅम्पलबाई दर रविवारी करायची, न चुकता, आणि चूक झाल्याचं दर वेळी निराळ्या शब्दांत सांगायची. शेवटी एकदा छकुलीच म्हणाली, “पुरे आता. दुसरं काहीतरी बोल.” मग तिनंच सांगितलं, तिला नोकरी लागली होती. पुस्तकं बांधणारी नवी कंपनी. पहिला आठवडा झाला होता.

“कशी आहेत माणसं?”

“मस्त. बाराच जण आहोत. मालक स्वतः सकाळी कुलूप उघडतात. दुपारी सगळे एकाच टेबलावर जेवतो.” मग उत्साहानं, “आणि माहितीय, कामं इतकी येताहेत की पुढच्या महिन्यात अजून आठ माणसं घेणार!”

सॅम्पलबाई मनातल्या मनात हिशेब करायला लागली.

“आत्या? काय झालं?”

“काही नाही. अजून दोन वर्षं बरी जातील.”

“आत्या!”

“बरं, तीन.”

पलीकडे छकुली हसली. किती दिवसांनी हसली होती.

“आणि कागदबिगद आला ना,” सॅम्पलबाई म्हणाली, “तर आधी मला फोन कर.”

“करते. पण मजकूर माझा मी लिहीन,” छकुली म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.